जुहरचा शेवट, असरची सुरुवात

अम्मीनं डायलिसिसला जायचं बंद केलं, कारण त्यापायी तिची जुहरची, म्हणजे दुपारची नमाज बुडत होती. आमच्या गोरेगावहून जीपनं जिल्ह्याच्या हिंगोलीला जायचं, दुपारभर सुई लावून पडायचं. सुई निघाल्यावर हाताला पट्टी, अंगात त्राण नाही. हातपाय धुऊन वुजू कसं करायचं, उभं कसं राहायचं? घरी येईस्तोवर जुहरची वेळ संपून असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, लागलेली. "असलं जगून काय करू?" म्हणाली आणि बाजेवर बसकण मारली. किडन्या गेलेल्या, मशीन सोडल्यावर काय होतं ते तिलाही ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात दखनी चालते. मी तेव्हा काय काय बोलले ते मराठीत आणत नाही.

मग मोबाइलवर शोधून मी तोऱ्यात सांगितलं, "तकलीफ असली की दोन नमाजा एकत्र चालतात. घरी आल्यावर जुहर आन् असर संगंच पढ."

"ते हजच्या मैदानात," अम्मी म्हणाली. "मी काय हजला चालले व्हय? हिंगोलीला चालले."

आमच्या हनफी पंथात दोन नमाजा एकत्र फक्त हजलाच, मी पार विसरले होते. शेवटी मशिदीतल्या मौलानांना घरी बोलावलं. ते हसले. "खाला, एका वेळेत कशाला? सुई निघाली की तिथंच, जुहर तिच्या शेवटाला पढा. जरा थांबा, असरची वेळ लागली की असर. दोन्ही आपापल्या वेळेत, वुजू एकच. पट्टीवरून ओला हात फिरवा, खुर्चीत बसून पढा."

"खुर्चीतली कबूल होती का?"

"गुडघे त्यानंच दिले, खाला. त्याला म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी अम्मी जीपमध्ये जाऊन बसली होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नर्सनं खुर्ची टाकली, मी वुजूला तांब्यानं पाणी घातलं. जुहर झाली. असरला थोडा अवकाश होता, तेवढ्यात अम्मीनं नर्सला माझी भाकरी कशी करपते, वरणात मीठ कसं राहून जातं, सगळं रंगवून सांगितलं. नर्स पोट धरून हसत होती. एरवी मी तिथंच भांडले असते. पण कितीतरी दिवसांनी अम्मी माझी खोडी काढून राहिली होती, मला इतका आनंद झाला की काय सांगू.

वेळ लागली, असरही झाली. मग ती हात पसरून दुआ मागत बसली, ती उठेचना. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

"इतका वेळ काय मागून राहिली होतीस?" मी विचारलं.

"जगायचं," अम्मी म्हणाली. "चल, चप्पल दे माझी."