पाचव्या जोडीचा पैलवान

“पाठ मातीला लागली नाही ना? मग हरलो नाही.” कुस्ती बरोबरीत सुटली की पैलवान एवढंच म्हणायचे आणि कानातली माती झटकायचे. त्यांच्या बहुतेक कुस्त्या बरोबरीतच सुटायच्या.

कुस्त्यांच्या दंगलीत अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जाहिरातीवर त्यांचं नाव नसतं. मोठ्या कुस्तीची वाट बघत लोक शेंगा सोलत असतात, तेव्हा ती चौथ्या-पाचव्या जोडीत झुंजतात. आमचे पैलवान वीस वर्षं झाशीच्या आसपास तसेच लढले, कधी दतियाला, कधी मऊरानीपूरला.

मी सातवीत शाळा सोडलेला. मोठा झाल्यावर झाशीच्या रेल्वे कारखान्यात खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून लागलो. हिंदी धड येत नव्हती. साहेबानं हाक मारली की मी दुसऱ्याच्या आड सरकायचो. पैलवान त्याच कारखान्यातले, मूळचे साताऱ्याकडचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आपल्या खोलीत घेतलं. म्हणाले, घरच्या भाषेत बोलायला कुणीतरी पाहिजे. जणू उपकार मीच करत होतो.

कारखान्याच्या कुस्तीसंघात असलेल्याला दुपारी मेहनतीसाठी सुटी मिळे. संघातून गेला की दिवसभर भट्टी. त्या वर्षी पैलवानांचा गुडघा सुजला होता आणि निवडीची कुस्ती एका तरण्या पोराशी ठरली होती. बरोबरीत सुटली असती तरी त्यांची जागा राहणार होती.

सकाळी त्यांनी एरंडाचं पान शेकून गुडघ्याला बांधायला सांगितलं. मी बांधलं. पण आमच्याकडे आई पानाला आधी तेल चोपडते, म्हणून मीही चोपडलं, चांगलं भरपूर. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं. पैलवान रोज तेलानं मालिश करून घेतात, एवढंच मला माहीत. लढताना अंग कोरडं लागतं, तेलावर पकड सुटते, हे कुठं ठाऊक होतं?

आखाड्याच्या काठावर त्यांनी पानाची पट्टी सोडली, पायाला माती चोळली. गुडघ्यावर ती काळी, ओली होऊन चिकटली. पंचांनी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

“पहलवान जी, तेल?”

मागून कुणीतरी म्हणालं, बुढ़ापे में चिकनाई का सहारा. लोक हसले.

पैलवानांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. साहेब समोर बसलेले, माझी नोकरी कच्ची. मी खाली वाकून सोडलेली पट्टी गुंडाळत राहिलो.

“हमसे भूल हुई, पंच जी,” ते म्हणाले.

तेल लावलेला बाद, हा नियम; न लढताच पोरगा जिंकला. पैलवानांनीच त्याचा हात धरून वर केला.

सोमवारपासून ते भट्टीवर गेले. खोलीत त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी पक्का झालो, त्याच महिन्यात ते नोकरी सोडून गावी निघाले. फलाटावर मी कसंबसं म्हणालो, “त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.”

ते खिडकीतून वाकले. “बोलला असतास तर दोघंही गेलो असतो. आणि खरं सांगू? गुडघ्याला आराम पडला होता रे.”

गाडी गेली. मी धावतच कारखाना गाठला. समोर उभा असूनही हजेरीला माझं नाव दोनदा पुकारावं लागलं.