बत्तीस ग्रॅम हलका तंबू आणि शनिचऱ्याची वाट

आमच्या कारखान्यातून माझ्या सहीशिवाय एकही तंबू बाहेर जात नाही, असं मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगते. म्हणून त्या शुक्रवारी आमच्या मालकांनी, सेठजींनी, शिवून आलेला नमुना आणि तो पास करण्याचा कागद एकदमच माझ्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"छत पर लगाके देख लिया है मैडम, सोमवार को साइन कर दीजिए."

छतावर! सिटी सेंटरमधल्या ऑफिसच्या छतावर, चारी बाजूंनी इमारती असताना! आणि हे तंबू जाणार होते हिमाचलात, कॉलेजच्या मुलांच्या गिर्यारोहण शिबिराला. एक रात्र उघड्यावर काढल्याशिवाय सही करणार नाही, असं सांगून मी नमुना उचलला. सुट्टी माझी, पायही माझेच.

सोबतीला वसंतकाका आले. वडिलांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेरच्या कंपू भागात राहतात, वय सदुसष्ट, आणि एका रात्रीसाठी स्टोव्ह, उशी आणि पितळी तांब्या घेऊन निघणारे. माझी सॅक पाणी आणि खाणं सोडून चार किलोच्या आत होती. मी टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापते.

"उरलेला अर्धा कुणाला देतेस ग?" काकांनी विचारलं.

ही वाट करायची असेल तर शनिवारच निवडा. शनिचऱ्याच्या देवळाला त्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे ग्वाल्हेरहून टेंपो भराभर सुटतात. एरवी ताटकळत बसाल. आम्हाला माणशी साठ रुपये पडले. निघताना बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी पोटभर खाऊन घ्या, पुढे चहाबिस्किटांपलीकडे काही मिळेलच असं नाही. देवळात शनीला तेल वाहून झालं की लोक अंगावरचे जुने कपडे आणि चपला तिथेच सोडून जातात. पायथ्याशी चपलांचा हा भलामोठा ढीग!

"बघ," काका म्हणाले, "वजन कमी करणारे तर सगळे इथेच येऊन राहिलेत. तुझा माल इथे विकायला पाहिजे."

मी हसले नाही. मनात अजून ते छत घोळत होतं.

तिथून बटेश्वरकडे आम्ही पायी निघालो. गाडीरस्ता आहे, पण शेतांच्या कडेची पायवाट धरलीत तर बरं. जानेवारीत दोन्हीकडे मोहरी फुललेली असते. बाभळीचे काटे मात्र पातळ तळव्याच्या बुटांना जुमानत नाहीत, तेव्हा माझ्यासारखा शहाणपणा करू नका. बटेश्वरची देवळं पाहिली तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा मी सेठजींना विसरले. ढिगाऱ्यातून एकेक दगड ओळखून पुन्हा रचलेली ती लहान लहान देवळं! कुणीतरी प्रत्येक दगड हातात घेऊन विचार केला असणार, हा कुठला, हा कशासाठी. आमच्याकडे चार कोपरे तपासायला सवड नाही. मी पुन्हा तापले.

स्मारकांच्या आवारात तंबू ठोकायला मनाई आहे, आणि ठोकूही नये. पडावलीच्या अलीकडे एका शेतावर रामकली नावाच्या बाईंना विचारलं. त्यांनी बांधाजवळची मोकळी जागा दाखवली आणि माझा तंबू चिमटीत धरून पाहिला.

"ए मोड़ी, जा पन्नी में सोवेगी?"

मोड़ी म्हणजे पोरगी, पन्नी म्हणजे प्लॅस्टिकचा कागद. मी त्यांना कापडाची ताकद समजावून सांगितली. बरीच सांगितली.

चार वाजता आभाळ भरून आलं. इकडे थंडीत असा पाऊस येतो, त्याला महावट म्हणतात. वारा काही फार मोठा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मी आत बसून टिपणं काढत होते आणि टर्रकन आवाज झाला. वाऱ्याकडचा कोपरा दोरीसकट उपटला गेला होता. तंबू माझ्या तोंडावर आला, पांघरूण भिजलं, वही भिजली. काकांनी मला हाताला धरून ओढत रामकलीबाईंच्या ओसरीवर नेलं. त्यांनी चुलीवर चहा ठेवला.

चुलीच्या उजेडात मी तो कोपरा पाहिला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दोरी बांधतात तिथे कापडाचे तीन थर आणि आडवी-उभी शिलाई, असं मी स्वतः आखून दिलं होतं. इथे एकच थर होता. बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांवर उसवलेल्या टाक्यांची भोकं स्पष्ट दिसत होती.

मी तिथूनच सेठजींना फोन लावला.

"अरे मैडम, वो ठिगली मैंने ही निकलवाई," ते आनंदाने म्हणाले. "पूरे बत्तीस ग्राम! तंबू पाँच सौ के नीचे आ गया. आपको तो खुश होना चाहिए."

मी फोन ठेवला. तोच कोपरा हिमाचलच्या बर्फात सुटला असता तर? तिथे ओसरी नाही, रामकलीबाई नाहीत. आत एकोणीस वर्षांचं कुणाचं तरी पोर असतं. ती रात्र आम्ही काकांच्या जड, कोरड्या घोंगडीत काढली. काकांनी एका शब्दानेही मला चिडवलं नाही, हे जास्त लागलं.

रविवारी मितावलीची टेकडी चढलो. वरचं गोल देऊळ अप्रतिम आहे, जरूर पाहा. माझं लक्ष नव्हतं. परतीला रिठौरा गावापर्यंत चालत आणि पुढे टेंपोने ग्वाल्हेर. काकांनी वाटेत तीळगुळाचं गजक घेतलं, मी वाटभर सेठजींना सुनवायची वाक्यं जुळवत बसले.

सोमवारी ती सगळी सुनवली. मुलांच्या जिवाशी खेळता, लाज नाही वाटत, सगळं. सेठजी शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खणातून एक छापील कागद काढला आणि चष्मा लावून वाचायला लागले. याच ब्लॉगवरची माझी तीन वर्षांपूर्वीची नोंद होती: 'पाचशे ग्रॅमच्या वरचा एकट्याचा तंबू म्हणजे तंबू नव्हे, हमाली आहे.' खाली तुम्हा वाचकांच्या टाळ्या.

"ग्राहक ये पढ़के आता है मैडम. तराजू लेके आता है."

मी पास करण्याचा कागद पुढे ओढला. सही मी केली नाही. कागदावर 'नापास' लिहिलं आणि खाली कारण लिहिलं. चारही कोपऱ्यांना पुन्हा तीन थर लागेपर्यंत माल जाणार नाही, आणि जाणारच असेल तर माझ्याशिवाय जाईल, हे तोंडी सांगितलं. शिबिराच्या संचालकांनाही मी सेठजींसमोरच फोन करून कळवलं. सेठजी दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाहीत. नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही.

ती जुनी नोंद मी पुसलेली नाही. ती चूक आहे, आणि माझी आहे. ती वाचून ज्यांनी हलका तंबू घेतला असेल त्यांनी आजच तो उलगडावा आणि दोरीच्या कोपऱ्यात बोट घालून थर मोजावेत. एकच थर लागला तर तंबू माझ्याकडे घेऊन या. पैसे घेणार नाही. मी स्वतः शिवून देईन.