सोबत फुलचंदजी

बोरी अरबच्या बाजारओळीत रहेमानभाईंचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याच्या वरच्या खोलीत त्यांच्या बायकोचा, शमसुन्निसाबाईंचा, वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालला. बाई पाठमोऱ्या बसून पोरांची चूक नुसत्या खटखटीवरून ओळखत. "तिसऱ्या मशीनवाल्या, वेलांटी कायले खाल्ली रे?" असं भिंतीकडे तोंड करून विचारत. टाइपरायटरचे दिवस संपले तेव्हा बाईंनी रडत न बसता कॉम्प्युटर शिकून घेतला आणि गावच्या कापसाच्या जिनिंग संस्थेत त्या ऑपरेटर म्हणून लागल्या.

संस्थेचं टपाल एका मेलच्या प्रोग्रामवर चाले. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि जिभेला न झेपणारं, म्हणून सगळे त्याला 'डबा' म्हणत. हा डबा कुण्या कंपनीचा नव्हता. जगभरातली हौशी माणसं तो बनवत, आणि त्याचं पोट सगळ्यांना उघडं होतं. गावच्या हापशीसारखं, कुणीही पाणी भरावं, बिघडली तर कुणीही पाना घेऊन बसावं. फक्त त्यातली मराठी कुण्या अर्धवटानं केली होती. आलेल्या टपालाला त्यानं 'आतील खोके' असं नाव ठेवलं होतं. बाईंना ते दोन दिवससुद्धा पाहवलं नाही. त्यांनी सगळी मराठी सुधारून बनवणाऱ्यांकडे पाठवली, ती त्यांनी खुशीनं घेतली, आणि तेव्हापासून डब्याची मराठी बाईंच्या हाती आली.

यंदा डब्याची नवी आवृत्ती निघाली. पाठवलेलं पत्र दहा सेकंदांत परत ओढता येईल, उद्याचं पत्र आज लिहून ठेवता येईल, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कागद जोडायचा राहिला तर डबा आठवण करून देईल. त्यासाठी मराठीत दोन गोष्टी हव्या होत्या: कोणता शब्द दिसला की डब्यानं हटकायचं, आणि काय म्हणून हटकायचं.

पहिलं बाईंना सोपं होतं. सरकारी पत्राच्या खाली 'सोबत : वरीलप्रमाणे' हे त्यांनी शेकडो पोरांकडून घटवून घेतलं होतं. त्यांनी लिहिलं, 'सोबत'. दुसऱ्या जागी नुसतं चालतं का पाहायला जे तोंडात आलं ते टाइप केलं: 'काहो, सोबत म्हन्ता अन् जोडलं तं काहीच नाही!' नंतर नीट प्रमाण मराठीत लिहू, असं ठरवलं. तेवढ्यात संस्थेची लाइन गेली. टाइप केलेलं बनवणाऱ्यांकडे आपोआप पोचलं होतं. बाई घरी गेल्या आणि विसरल्या. आवृत्ती जगभर गेली, वाक्यही गेलं.

संस्थेचे अध्यक्ष रामराव गावंडे स्वतः दोन बोटांनी मेल लिहीत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नवी आवृत्ती बसली त्या सोमवारी त्यांनी यवतमाळच्या जिल्हा संघाला लिहिलं, 'मी उपाध्यक्ष फुलचंदजी राठोड यांच्यासोबत मंगळवारी येत आहे.' पाठवायला गेले तर डब्यानं वाट अडवली. 'काहो, सोबत म्हन्ता अन् जोडलं तं काहीच नाही!'

खाली दोन बटणं होती, 'जोडा' आणि 'तसंच धाडा'. रामरावांना वाटलं, एवढ्या आपुलकीनं कुणी विचारतंय तर तसंच धाडणं बरं दिसत नाही. त्यांनी विचार केला. सोबत कोण? फुलचंदजी. मग जोडायचं काय? त्यांनी कपाट उघडलं, उपाध्यक्षांचा पासपोर्ट फोटो काढला, मोबाइलनं त्याचा फोटो घेतला आणि जोडून दिला. डबा निमूट वाटेतून बाजूला झाला.

मग हे रोजचंच झालं. सोयाबीनसोबत तुरीचा पेरा किती, असं पत्र आलं. उत्तरासोबत तुरीचा फोटो गेला. 'सहकुटुंब येतो' असं लिहिताना डबा गप्प राही, पण 'कुटुंबासोबत येतो' म्हटलं की त्यांच्या बायकोला, मैनाबाईंना, पदर नीट करून ओट्यावर उभं राहावं लागे. आणि संघाशी काहीही काम निघालं की फुलचंदजींचा फोटो ठरलेलाच. तिकडे संघात टपाल पाहणारे नेमसिंगबाबू. त्यांना वाटलं नवा नियम निघाला. त्यांनी उलट पत्र पाठवलं, 'आमच्या चौकीदारासोबत फाइल पाठवत आहे', आणि खाली चौकीदाराचा फोटो, समोरून एक, बाजूनं एक.

दीड महिन्यानं डबा भरला. शमसुन्निसाबाई साफ करायला बसल्या तर आत एकेचाळीस फुलचंदजी. त्या रामरावांच्या खोलीत गेल्या.

"रामरावजी, उपाध्यक्षांचा फोटो एकेचाळीस वेळा कशासाठी पाठवला?"

"तुमचा डबाच विचारते ना बाई! दरवाज्यात उभा राहून विचारते, सोबत म्हन्ता अन् जोडलं तं काहीच नाही. आता मी काय खोटा पडू?"

"कोण विचारतं?"

रामरावांनी लिहून दाखवलं. बाईंनी पडद्यावरचं स्वतःचं वाक्य वाचलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेलांट्या पकडल्या, आणि आपली एवढी मोठी चूक साऱ्या महाराष्ट्राच्या दारात उभी! संध्याकाळी गॅरेजात रहेमानभाईंना सांगितलं तर ते हातातला पाना ठेवून हसत सुटले.

"मी पण पाह्यलं होतं ते, गिऱ्हाइकाले मेल धाडताना. मले वाटलं, तूच बोलून राह्यली. म्हणून मुकाट्यानं बिल जोडलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बनवणाऱ्यांना इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं: मराठीत 'सोबत' म्हणजे कागदही येतो आणि माणूसही येतो, तेव्हा शब्दापुढे दोन टिंबं असतील किंवा 'जोडले' असेल तरच हटकावं. तिकडून एका परदेशी माणसाचं उत्तर आलं, की त्याला आजवर कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं. दुरुस्ती झाली. वाक्यही बाईंनी बदललं: 'आपण जोडपत्राचा उल्लेख केला आहे. कृपया खात्री करावी.'

आठवडाभरात रामराव स्वतः बाईंच्या टेबलापाशी आले. "बाई, डबा रुसला का? तहसीलदारासारखा बोलून राह्यला." नेमसिंगबाबूंचा फोन आला, तोच प्रश्न. बनवणाऱ्यांकडे तर अकोल्यापासून वणीपर्यंतच्या लोकांनी लिहिलं, की आधीचा माणूस बरा होता, त्याला काढलं का? बाईंनी एक दिवस ताणून धरलं. मग दार लोटून घेतलं आणि जुनं वाक्य पुन्हा बसवलं. फक्त 'म्हन्ता'चं 'म्हणता' करावं की नाही, यावर त्या पाऊण तास अडल्या, आणि शेवटी तसंच ठेवलं.

सगळे खूश झाले, एक माणूस सोडून. फुलचंदजी राठोड एका दुपारी आले आणि बाईंसमोरच्या खुर्चीत बसले. बोलणं त्यांच्या स्वभावात कमीच.

"बाई, माहा फोटो बंद केला म्हणे."

"गरज नव्हती ना, फुलचंदजी. चुकीनं जात होता."

"हो. पण सहा वर्षं उपाध्यक्ष हाओ मी. यवतमाळले गेलो का लोक रामरावजीले खुर्ची देत, मले म्हणत, 'ड्रायव्हर बाहेर बसतात'." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "या दीड महिन्यात फाटकावरचा गडीही म्हणे, या फुलचंदजी, या. चहा पण आला. बशीसकट."

बाईंनी डब्याच्या नव्या गोष्टींची यादी पुन्हा उघडली, बोटानं एकेक ओळ वाचत गेल्या आणि खाली कुठेतरी थांबल्या. आपल्या नावाशेजारी आपला फोटो कायमचा लावायची सोय तिथे होती; कुणालाही पत्र गेलं की चेहरा आपोआप दिसणार. आजवर ती कुणी उघडलीच नव्हती.

"पण मेल तुम्हाला स्वतः लिहावी लागेल," बाई म्हणाल्या.

"शिकवा मंग."

दुसऱ्या दिवशी ते दारव्ह्याच्या स्टुडिओतून नवा फोटो काढून आले, गुलाबी फेटा बांधलेला. डब्याची चौकट होती गोल आणि लहान. फेटा बसवला की मिशी कापली जाई, मिशी घेतली की फेटा. बाईंनी वरखाली सरकवून पाहिलं, चार वेळा.

फुलचंदजी पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "फेटा जाऊ द्या बाई. मिशी येऊ द्या."