न दिसलेले हात

सुर्वेदादा जेवता जेवता समोरच्याचा स्वेटर धरायचे. बेस्ट नावाच्या डच गावातल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यांनी पहिल्यांदा माझा धरला, तेव्हा माझं अर्धं सूप टेबलावर सांडलं. "घाबरू नकोस गं. निसटून दाखव." मी खांदा झटकला, निसटले. "बघ! मी धरलं, पण तुझं काही अडलं का? मग ह्याला होल्डिंग म्हणायचं का?" मला माणूस जरा सर्किटच वाटला.

मूळचे चिपळूणचे. तरुणपणी कबड्डी खेळले, मग कबड्डीचे पंच झाले, आणि नोकरीपायी नेदरलँड्सला आल्यावर इथे कबड्डी कुठून आणायची म्हणून अमेरिकन फुटबॉलचे पंच झाले. हो, तोही खेळतात इथे. हौशी क्लब आहेत, रविवारी चिखलात लोळतात. सुलभावहिनी म्हणायच्या, "लोक इथे येऊन ट्यूलिप बघतात. आमचे हे दुसऱ्यांच्या झटापटी बघतात." मलाही त्यांनी ओढलंच. "रविवारी घरी बसून काय अंडी उबवतेस? चल, अंतर मोजायची साखळी धरायला माणूस हवंय." गेले, आणि पुढे दर रविवारी जात राहिले.

त्या खेळात चेंडूवाल्याच्या पुढची मंडळी समोरच्यांना रेटून त्याला वाट करून देतात. छातीवर हात लावून रेटायला परवानगी आहे; धरून ओढायला, फिरवायला नाही, तेच होल्डिंग. तसं केलं की पंच पिवळा रुमाल टाकतो, डाव रद्द होतो आणि वर दहा यार्ड मागे जावं लागतं. पण त्या रेटारेटीत थोडंफार सगळेच धरतात. मग कुठल्या पकडीला शिक्षा द्यायची आणि कुठली सोडायची, ह्यावर दर रविवारी सामन्यानंतर बिअरच्या ग्लासांभोवती महाभारत व्हायचं. प्रशिक्षक तावातावाने भांडायचे आणि सुर्वेदादा त्यांचीच जॅकेटं धरून त्यांना समजवायचे.

"पकड प्रत्येक डावात असते गं," ते मला म्हणायचे. "शोधलीस तर देवळाच्या रांगेतही सापडेल. तिच्यामुळे कोणाचं काय अडलं, तेवढं बघायचं." आणि दुसरं म्हणजे, "दिसलं तरच रुमाल टाकायचा. वाटलं म्हणून टाकायचा नाही. वाटायला काय, मला रोज वाटतं अजून भात घ्यावा."

ह्या पंचांमध्ये मुख्य पंचाची टोपी पांढरी, बाकीच्यांची काळी. दादा वर्षानुवर्षं काळ्या टोपीत होते. त्या वर्षी मात्र पांढरी मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं. त्यांनी ते फक्त वहिनींना सांगितलं, म्हणजे दोन दिवसांत आइंडहोव्हनपर्यंतच्या सगळ्या मराठी घरांना कळलं.

आणि नेमका तेव्हाच तो सामना आला. जिंकणारा संघ वरच्या गटात जाणार होता. शेवटच्या मिनिटाला शेजारच्या गावच्या संघाने चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, पोरं नाचायला लागली, आणि बघते तर गवतावर पिवळा रुमाल. दादांचा. होल्डिंग, बासवर. बास म्हणजे त्याच संघातला, शाळेत गणित शिकवणारा, दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस. तो दोन्ही हात वर करून डचमध्ये ओरडत राहिला, "स्खाइट्स! पंच! मी धरलं नाही!" डाव रद्द झाला. त्याचा संघ हरला. कपडे बदलायच्या खोलीत त्याच्याच सोबत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, असं नंतर कळलं.

परतताना गाडीत, बेस्ट जवळ आल्यावर, दादा म्हणाले, "मुक्ता, मला हात दिसले नाहीत."

"म्हणजे?"

"मध्ये एक जण आला. मला फक्त पाय दिसले. बाससमोरच्या पोराचे पाय पळता पळता एकदम थांबले. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे पाय असे थांबले की समजायचं, धरलाय. इतकी वर्षं तेच बघितलंय. गवत ओलं होतं गं. तो घसरलाही असेल."

बासच्या क्लबने तक्रार केली. व्हिडिओत बासची पाठ दिसत होती, हात नाहीत. पंचांच्या समितीने दादांना बोलावलं. विचारणार एवढंच, की तुम्हाला पकड दिसली का? मी म्हटलं, "दादा, दिसली म्हणा आणि मिटवा. निकाल काही बदलत नाही. टोपी हातची जाईल."

"जाईल," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला. इतका की वहिनींना फोन करून सांगितलं, ह्यांना समजवा. वहिनी म्हणाल्या, "मी लग्नानंतर आठवड्यातच सोडून दिलं ते."

समितीला त्यांनी सांगितलं, दिसली नव्हती. टोपी दुसऱ्याला गेली. निकाल तोच राहिला. आणि तरी हा माणूस मला घेऊन बासच्या क्लबवर गेला, कँटीनमध्ये सगळा संघ बसलेला असताना! म्हणाले, "मी पकड पाहिली नव्हती. अंदाज केला. तुम्ही बासमुळे नाही, माझ्यामुळे हरलात." कोणी बसाही म्हटलं नाही. बास उठला आणि कॉफी मशीनकडे तोंड करून उभा राहिला; त्याचे ते अवाढव्य खांदे हलत होते. परत येताना मी गाडीत रडले, दादांनी रेडिओ लावला.

मागच्या वर्षी दादा निवृत्त होऊन चिपळूणला गेले. त्याआधीच्या त्यांच्या शेवटच्या सामन्यात बासचाच संघ होता. गुडघे गेल्यामुळे बास आता प्रशिक्षक. समोरच्यांनी शेवटी गुण घेतला आणि बासची सगळी पोरं एकदम उसळली, "होल्डिंग! होल्डिंग!" मलाही साखळीपाशी उभ्या उभ्या ते होल्डिंगच वाटलं होतं. काळ्या टोपीतल्या सुर्वेदादांनी मान हलवली. "मला दिसलं नाही."

पोरं बासकडे वळली. आता हा मागचं सगळं उकरून काढणार, म्हणून मी साखळी घट्ट धरली. बास दादांकडे बघत राहिला. मग पोरांना म्हणाला, "बसा खाली. हा नाही दिसलं म्हणतोय ना, मग नाहीच दिसलं."

पोरं बसली.