काचेआडची पुस्तकं

उपवासकाळात वाचा म्हणून फादरांनी सुचवलेली पुस्तकं चर्चच्या काचेच्या कपाटात आहेत. किल्ली माझ्याकडे असते. दर रविवारी मिस्सा संपली की एक बाई काचेवर बोट फिरवत संतचरित्रांची नावं वाचते. बाहेर नवऱ्याचा हॉर्न वाजला की बोट थांबतं.

आज मी कपाट उघडलं. "ने की एखादं घरी."

"नको गं. सासू विचारेल, मठात जायचंय का?"

खरंच आहे. आमच्याकडे बाई चार पानं वाचत बसली, की ती आजारी तरी असते, नाहीतर तिला देवाचं बोलावणं आलेलं असतं.

मी कुलूप लावलं. मी तरी एखादं घरी कुठे नेते? झाडायच्या निमित्ताने लवकर येते आणि केरसुणी काखेत धरून उभ्याउभ्याच वाचते.