हारासाठी वाकलेली मान

कामानिमित्त थायलंडला गेलो होतो. एका संध्याकाळी बाजारातल्या खाऊगल्लीत छोट्याशा स्टेजवर एक वयस्क बाई लोकगीत गात होती. गाणं संपताना ती स्टेजच्या कडेशी आली, गुडघे टेकले आणि मान पुढे केली. क्षणभर तशीच थांबली. मग हात जोडून उठली.

"असं का केलं तिनं?" मी सोबतच्या सोमचायला विचारलं.

"आमच्याकडे आवडत्या गायकाला लोक खाली उभं राहूनच हार घालतात. म्हणून वाकावं लागतं. हिच्यासाठी तर रांग लागायची. माझी आईही हार घेऊन उभी राहायची."

"आणि आता?"

"आता लोक जेवायला येतात," नूडल्स ढवळत तो म्हणाला.

आपले दिवस सरले, हे माणसाला कळतं, हळूहळू पचतंही. पण अंगाला ते कोण सांगणार? गावोगावच्या जत्रांत जी मान फुलांच्या ओझ्यानं झुकली, तिला अजून वाटतं की खाली कुणीतरी उभं आहे.

पुढचं गाणं संपत आलं, तेव्हा मी मुद्दाम ताटात बघत राहिलो. तरी फळ्यांवर तिचे गुडघे टेकल्याचा आवाज आलाच.