गोड्या पाण्याचा थर

दातिवऱ्याच्या काशीबाईने चाळीस वर्षं एक विहीर सांभाळली. घरामागची, सासऱ्याने खणलेली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अशा विहिरीत गोडं पाणी वरवर असतं, दुधावरच्या सायीसारखं. खाली सगळं खारं. बेताने उपसलं तर गोडं टिकतं, घाई केली की खारं वर चढतं. लग्नानंतर आठ दिवसांतच सासूने बजावलं होतं, "खाऱ्याला उठवू नको गो."

म्हणून काशीबाई सकाळी लागतील तेवढ्याच कळश्या ओढायची आणि मग दुपारभर विहिरीला विसावा द्यायची. बोंबील खाडीच्या पाण्यात धुवायचे, गोड्या पाण्यात नुसतं शेवटचं खळबळून घ्यायचं. तांदळाचं धुवण मोगऱ्याला, आंघोळीचं पाणी चर काढून केळींना. पाहुणा तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात फेकायला लागला की तिचा हात आपोआप पुढे व्हायचा. शेजारच्या बायका हसायच्या. तिलाही कधीकधी वाटायचं, सगळा जन्म या पाण्याच्या पहाऱ्यावरच गेला. नवरा जानू हयात होता तेव्हा तो होडीवर, आणि ती विहिरीवर.

साठी उलटली आणि तिचा उजवा खांदा आखडला. पालघरच्या डॉक्टरने ओढायचं काम बंद करायला सांगितलं. कळशी सुनेच्या हातात गेली. सलोनी वाणगावची, माहेरी नळ घरात होता. तरी ती मुकाट ओढायची. पण तिला पाचवा महिना लागला तसा दर्पण, काशीबाईचा मुलगा, एक दिवस बोईसरच्या कारखान्यातून आला तो ठरवूनच आला.

"आये, मोटर बसवतो. हिला ओढवत नाय, तुला पण नाय."

नाही हा शब्द काशीबाईच्या ओठांवर आला होता. पण खांदा सकाळपासून ठणकत होता, आणि समोर सलोनी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बसव," ती म्हणाली.

दिवाळीत मोटर बसली, कौलांच्या पडवीमागे टाकी आली. नळ सोडला की पाणी. सुखच होतं ते. काशीबाईने चार महिने पाण्याकडे पाहिलंच नाही. चर बुजला, केळींकडे पाइप जाऊ लागला.

होळीच्या सुमारास एका सकाळी चहा फाटला. सलोनीने दूध वास घेऊन पाहिलं, पातेलं पुन्हा घासलं, दुसरा चहा टाकला. तोही फाटला. काशीबाई उठली, नळाखाली ओंजळ धरली आणि एक घोट घेऊन थुंकली. मग मागे गेली. मोगऱ्याची पानं कडेने करपली होती. किती दिवस झाले असतील, तिला सांगता येईना.

दर्पणने पाणी चाखलं आणि ओट्यावर बसला. "तुला म्हाईत होतं ना? मग बोलली का नाय?"

"दमले होते रे," काशीबाई म्हणाली.

मोटर बंद केली. पण उठलेलं खारं लगेच खाली बसत नाही. गावाच्या आतल्या बाजूला हंसा नावाच्या बाईची गोड्या पाण्याची विहीर होती, तिथून पाणी आणायचं ठरलं. तोवर सलोनी बाळंत होऊन मांडीवर मुलगी आली होती. म्हणून सकाळी कामावर जायच्या आधी दर्पण दोन हंडे आणायचा आणि ते सगळ्यांनी दिवसभर पुरवायचे. बाळाच्या आंघोळीचं पाणी सलोनी टोपात धरून ठेवायची. काशीबाईने तिला कधी शिकवलं नाही. शिकवायची ताकदच उरली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी दर्पणने कौलांना पन्हळ लावली, रेती-खडीने भरलेल्या पिंपातून पाइप थेट विहिरीत सोडला. दोन पावसाळे छपराचं पाणी विहिरीत गेलं. दुसऱ्या वर्षी नवरात्रात पाणी प्यायजोगं झालं. पूर्वीसारखं नाही, जिभेच्या टोकाला किंचित मचूळ. मोगरा गेलाच. केळीचे दोन खुंट तगले.

गेल्या महिन्यात वरच्या आळीतल्या विनोदने पर्यटकांसाठी खोल्या बांधायला घेतल्या आणि बोअर मारायचं ठरवलं. काशीबाई काठी टेकत तिकडे गेली. विहिरीची, सायीची, मोटरीची, सगळी गोष्ट तिने त्याला सांगितली.

"हो मावशी, बगतो ना," विनोद म्हणाला. फोन वाजला तसा तो पलीकडे गेला.

ती थोडा वेळ उभी राहिली, मग परतली. सलोनीने विचारलं, "ऐकलं का त्याने, आई?"

"काय म्हाईत. मी सांगितलं," असं म्हणून काशीबाई ओटीवर आडवी झाली. खांदा दुखत होता. भिंतीकडे तोंड करून तिने डोळे मिटले.